पद्मिनीची बॅटरी कोण पीत होतं

गेल्या डिसेंबरपासून आमच्याकडे रविवार सकाळचा एक ठरलेला कार्यक्रम होता. मी खाली पार्किंगमध्ये जायचो, कव्हर काढायचो, चोक ओढायचो, किल्ली फिरवायचो आणि गाडी म्हणायची खट्ट. बस. एकदाच खट्ट आणि डॅशबोर्डवरचे दिवे मान टाकायचे. मग वॉचमन, पेपर टाकणारा पोरगा आणि वरच्या मजल्यावरचे एक काका अशी धक्का मारायची टीम जमायची. तिसऱ्या रविवारी तर वॉचमन मला बघूनच बाह्या सरसावायला लागला.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, बाबांनी १९८६ साली घेतलेली, १०८९ सीसी, हँडल गिअर, चार दरवाजे आणि बाबांच्या शब्दांत सांगायचं तर 'आत्ताच्या गाड्यांना काय पत्रा असतो का' वाली. मुंबईत शेवटची काळीपिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झालेली, टॅक्सी म्हणून तिची वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली तेव्हा पेपरात फोटोबिटो आले होते आणि बाबांनी ते कात्रण काढून आमच्या गाडीच्या आरसी बुकात ठेवलं, म्हणजे बघा गाडी घरात कुठल्या जागेवर आहे ते. आम्ही ती फक्त रविवारी काढतो, पुण्यात डेक्कनला चक्कर, कधी सिंहगड रोडला भाजी, झालं.

तर या गाडीत मी नोव्हेंबरच्या शेवटी नवा स्टिरिओ बसवून घेतला, ब्लूटूथवाला, सोबत चार चॅनेलचा अँप्लिफायर सीटखाली आणि मागे दोन स्पीकर. डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही ही बाबांची अट, म्हणून स्टिरिओ खाली ब्रॅकेटवर टांगला. दिसायला बरा दिसतो खरं तर. आता कुणीही म्हणेल की नोव्हेंबरच्या शेवटी स्टिरिओ बसवला आणि डिसेंबरपासून बॅटरी उतरायला लागली तर डोकं कुठे जायला पाहिजे. पण माझं नाही गेलं! कारण बटण दाबलं की स्टिरिओ बंद होत होता, डिस्प्ले काळा, आवाज शून्य, मग बंद म्हणजे बंद असं मी धरून चाललो.

आधी बॅटरीच्या दुकानात गेलो. त्याने क्लॅम्प लावून बघितलं, चेहरा पाडला, साहेब बॅटरी गेली म्हणाला. जुनी अडीच वर्षांचीच होती पण म्हटलं जाऊ दे, साडेचार हजार मोजून ३५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) नवी टाकली. आठच दिवसांत पुढचा रविवार, खट्ट. परत गेलो तर म्हणाला बॅटरी ओके आहे, चार्जिंग होत नाहीये, अल्टरनेटर बघा. अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, डायनॅमो हे त्याचं जुनं रूप. आमच्या गाडीत मूळचा डायनॅमो बाबांनी कधीच काढून अल्टरनेटर टाकलाय, तो मीच मल्टिमीटर लावून तपासला, आयडलला १३.९ व्होल्ट, थोडी रेस दिली की १४.२. म्हणजे पठ्ठ्या व्यवस्थित कामावर आहे. डायनॅमो असता तर त्याच्या कटआउटवर, म्हणजे त्याला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर, संशय घ्यायला जागा होती, त्याचे पॉइंट चिकटले की गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जात राहतो, पण इथे तोही प्रश्न नव्हता. अल्टरनेटरचा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लीक असला तरी असं होतं म्हणून एक रात्र त्याची जाड वायर सोडून ठेवली, तरी सकाळी व्होल्टेज घसरलेलंच.

आणि मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले रोज चालव. मेहुणा म्हणाला विक. गॅरेजवाल्याने सांगितलं की टर्मिनलवर कटऑफची नॉब लावून घ्या, रात्री फिरवली की विषय संपला. हे मी जवळजवळ करणार होतो. पण विचार केला की हे म्हणजे नळ गळतोय म्हणून सोसायटीचा मेन व्हॉल्व्ह बंद करून झोपण्यासारखं आहे. गाडी जुनी आहे, तिला कॉम्प्युटर नाही, सेंट्रल लॉक नाही, अलार्म नाही, किल्ली काढली की तिने काहीच खाता कामा नये. मग खातंय कोण?

मधे एक सांगतो, धक्का स्टार्टबद्दल. लोकांना वाटतं धक्का मारला की कुठलीही गाडी चालू होते. डायनॅमोवाली एक वेळ होईलही, पण अल्टरनेटरला स्वतः करंट बनवायला आधी फील्डमध्ये, म्हणजे त्याच्या चुंबकाच्या वेटोळ्यात, थोडा करंट लागतो आणि कॉइललाही स्पार्क द्यायला बॅटरीच लागते, त्यामुळे बॅटरी अगदी ठार मेलेली असली तर तुम्ही लक्ष्मी रोडपर्यंत ढकलत नेलीत तरी काही होत नाही. चौथ्या रविवारी आम्ही हे घाम गाळून शिकलो.

शेवटी एका शनिवारी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घेतली, १२.७ व्होल्ट दाखवत होती, आणि संध्याकाळी चहा पिऊन खाली उतरलो. निगेटिव्ह टर्मिनल सोडलं, मीटर १० अँपिअरवर ठेवला, लाल वायर १० अँपिअरवाल्या भोकात घातली, मग एक टोक सुटलेल्या केबलला आणि दुसरं बॅटरीच्या खुंटीला. म्हणजे गाडी जे काही खाईल ते मीटरमधूनच जाणार. दरवाजे बंद ठेवायचे, नाहीतर आतला दिवा लागतो आणि आपण त्यालाच चोर समजतो. इथे एक गोष्ट बजावून सांगतो, मीटर असा लावलेला असताना गाडीतली कुठलीही मोठी वस्तू चालू करायची नाही, सेल्फ तर नाहीच नाही. मला हे माहिती होतं. बाबांना नव्हतं. ते कौतुकाने खाली आले, काय चाललंय विचारलं, आणि मी उत्तर देईपर्यंत गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली. सेल्फ शंभरच्या वर अँपिअर ओढतो. मीटरमधून टप् असा बारीक आवाज आला, जळका वास आला आणि संपला बिचारा. बाबा म्हणाले, "बघ, अजून पण लागत नाहीये."

दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद, सोमवारी ऑफिस सुटल्यावर तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, दुसरा मीटर आणला. या वेळी किल्ली माझ्या खिशात. रीडिंग आलं ०.८४. पाच मिनिटं थांबलो, कारण काही वस्तू झोपायला वेळ घेतात, पण हा आकडा हलायलाच तयार नाही. ०.८४ अँपिअर म्हणजे चोवीस तासांत वीस एएच. बॅटरी ३५ची. म्हणजे एका दिवसात अर्ध्याच्या खाली आणि दोन दिवसांत तळ, आणि मी तिला आठवड्याने भेटायला जातोय! एवढ्या करंटमध्ये दोन पार्किंगचे दिवे जळतील हो.

मग शास्त्राप्रमाणे एकेक फ्यूज काढायला घेतले. पद्मिनीचे फ्यूज जुन्या फियाटसारखे, पांढऱ्या सिरॅमिकच्या गोळ्या आणि वरून पत्र्याची पट्टी, त्यांच्या टोकांना हिरवट बुरशी चढलेली, काढता काढता पॉलिश पेपरने घासून पण घेतले. पहिला काढला, ०.८४. दुसरा, ०.८४. असं करत सगळे काढून कव्हरवर ओळीने मांडले, दाढा काढून ठेवल्यासारखे, आणि मीटर आपला ०.८४. त्या क्षणी मला खरंच वाटलं की भूतबित असेल.

तेव्हा नाना पेठेतल्या वायरिंगवाल्या काकांना फोन केला. त्यांनी बाबांच्या गाडीची वायरिंग दोनदा बदललीये, आता दुकान मुलगा बघतो पण पद्मिनी म्हटल्यावर स्वतः आले, पिशवीत पक्कड, टेप आणि एक टेस्ट लॅम्प, म्हणजे नुसता बल्ब आणि दोन वायरी. माझ्या मीटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. टर्मिनल आणि केबलच्या मधे लॅम्प धरला, तो पेटला.

"आधी बॅटरी तपासली का आधी बदलली?"

"बदलली."

"छान." मग थोडं थांबून, "आणि फ्यूज सगळे काढलेस ते कशाला? जी वायर फ्यूजबॉक्समधून जातच नाही ती तिथे कशी सापडेल रे?"

बरोबर आहे. अँप्लिफायरची जाड लाल केबल थेट बॅटरीच्या प्लसवरून निघून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या, भोकातून आत सीटखाली गेलेली. काकांनी ड्रायव्हर शेजारची सीट पुढे ढकलली, मॅट उचललं आणि म्हणाले हात लाव. जानेवारीची संध्याकाळ, गाडीचा पत्रा हाताला गार लागत होता, आणि अँप्लिफायर कोमट. ताजी भाकरी फडक्यात बांधून ठेवलीये असा कोमट. कडेला त्याचा बारीक निळा दिवा जळत होता, जो मॅटखाली असल्यामुळे दोन महिने कुणालाच दिसला नाही. गाणं नसलं तरी अँप जागा असला की त्याच्या आतली सप्लाय चालूच राहते आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टरही थोडे उघडे ठेवलेले असतात, त्यामुळे तो गप्प बसूनही अर्धा पाऊण अँपिअर सहज खातो. मी त्याचा फ्यूज उपसला आणि पळत मीटरकडे गेलो. ०.१७.

म्हणजे मोठा चोर सापडला, पण त्याच्यासोबत अजून एक होता. ०.१७ पण कमी नाही, दिवसाला चार एएच होतात. काकांनी स्टिरिओच्या मागचा प्लग ओढला आणि मीटर ०.०० वर आला. इतका छान शून्य मी परीक्षेत सोडून कुठेच बघितला नव्हता.

आता प्रश्न असा की बंद केलेला स्टिरिओ आणि अँप जागे का? काकांनी डॅशबोर्डखाली आडवं होऊन काळ्या टेपचा एक गोळा शोधून काढला, उन्हाने आणि गरमीने तो टेप चिकट गुळासारखा झालेला, सोलला तर बोटांना काळं लागलं. आत पिवळी वायर, लाल वायर आणि अँपकडून आलेली एक बारीक वायर, तिघींची मिळून वेणी घातलेली, आणि ती वेणी किल्लीच्या स्विचमागे कायम करंट असलेल्या वायरला जोडलेली. मधे फ्यूज नाही. स्टिरिओची स्वतःची निळी पांढरी वायर, जी खरं म्हणजे अँपला उठवायला आणि झोपवायला असते, ती कापून आत दुमडून ठेवलेली.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, या स्टिरिओंना प्लसच्या दोन वायरी असतात. पिवळी कायमची, तिच्यावर स्टेशनं, घड्याळ, सेटिंग लक्षात राहतात, ती झोपेत दोनचार मिलीअँप खाते, तेवढं चालतं. आणि लाल वायर म्हणजे गाडीच्या किल्लीकडून येणारा निरोप, की मालक आलेत, उठ. किल्ली काढली की लाल बंद आणि स्टिरिओ खरा झोपतो. दोन्ही एकत्र बांधल्या की मालक कायम गाडीतच बसलेत असं त्याला वाटतं, बटण दाबून डिस्प्ले काळा केला तरी आत ब्लूटूथ जागं राहून फोन शोधत बसतं. निदान माझा तरी बसत होता.

आणि हे बघताना मला बसवायचा दिवस आठवला. रेडिओवर मागचे स्पीकर वाजत होते पण ब्लूटूथ लावलं की एकदम गप्प. बसवणारा पोरगा अर्धा तास खाली डोकं घालून पडला होता, मग उठला, झालं सर म्हणाला, वाजायला लागलं, मी टिप पण दिली. काकांना सांगितल्यावर ते हसायला लागले. स्टिरिओला दोन निळ्या असतात, एक नुसती निळी, ती अँटेना वर करायला, बऱ्याच सेटमध्ये ती फक्त रेडिओ चालू असताना जागी असते. दुसरी निळी पांढरी, ती अँपसाठी. पोराने पहिल्यांदा अँपची वायर नुसत्या निळीला जोडली असणार, म्हणून ब्लूटूथवर अँप झोपायचा. मग कारण शोधत बसण्यापेक्षा त्याने ती कायमच्या करंटवर टाकली. वाजलं ना, मग झालं तर!

मी त्या दुकानात जाऊन विचारलंही. पोरगा वाईट नाही, अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, तुमच्या किल्लीला एसीसीची पोझिशनच नाही, मग डायरेक्ट दिलं, बटणाने बंद होतोच की." (एसीसी म्हणजे इंजिन बंद ठेवून फक्त रेडिओबिडिओला करंट देणारी किल्लीची जागा.) आणि त्यात खोट काढायला जागा कमी आहे. त्याच्याकडे येणाऱ्या नव्या गाड्यांना तयार कपलर असतात, खट्कन लावला की संपलं, त्याला पद्मिनीची वायर कोण शिकवणार. चूक माझी पण आहे, मी दोन महिने बॅटरी, अल्टरनेटर, थंडी, सगळ्यांना शिव्या घातल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पण खरा घाम मला फुटला तो यानंतर. काकांनी बॅटरीवरून येणारी जाड केबल फायरवॉलच्या भोकातून ओढून दाखवली. भोकाला रबरी ग्रोमेट नाही, पत्र्याची धार केबलला घासून लाल आवरण इतकं पातळ झालेलं की आतली तांब्याची चमक दिसायला लागलेली. आणि फ्यूज कुठे, तर सीटखाली अँपजवळ. म्हणजे ती धार आत गेली असती तर बॅटरीचा सगळा करंट सरळ बॉडीत, मधे थांबवायला काहीही नाही. फ्यूज अँपला वाचवायला नसतो रे, वायरला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर पाहिजे, हे काकांनी तीनदा सांगितलं. बॅटरी उतरत होती म्हणून आम्ही तिथे बघितलं तरी, नाहीतर कधी बघणार होतो?

दुरुस्तीत मी थोडं शहाणपण दाखवायला गेलो. लाल वायर इग्निशनवर देऊ म्हटलं, किल्ली काढली की आपोआप बंद. काका नाही म्हणाले. आपल्या गाडीला पॉइंटचं, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचं, इग्निशन आहे, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली ऑन करून गाणी ऐकत बसलात आणि पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधून सतत करंट जातो, कॉइल तापते, पॉइंट जळतात. आणि बाबा पार्किंगमध्ये बसून विविध भारती ऐकणार हे काकांना पक्कं माहिती. मग ठरलं वेगळं टॉगल स्विच, चोकच्या शेजारी खालच्या बाजूला, आणि त्याला लाल पायलट लॅम्प. मी उत्साहाने चार पायांचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालूबंद करणारा स्विच, पण आणला होता, तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी असे पायांचे सगळे नंबर पाठ करून. काकांनी तो हातात घेऊन उलटा सुलटा केला आणि परत दिला. लाल वायरीतून जातो तरी किती करंट, तिला रिले कशाला, रिलेची कॉइलच तिच्यापेक्षा जास्त खाईल. तो रिले आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

पिवळी स्वतंत्र फ्यूजमधून कायमवर, लाल टॉगलमधून, निळी पांढरी अँपला, केबलला ग्रोमेट आणि वरून नळी, मोठा फ्यूज बॅटरीशेजारी, आणि वेणीच्या जागी सगळीकडे क्रिम्प केलेले स्लीव्ह. दोन तास लागले, त्यातला अर्धा तास चहा. अँपचं अर्थिंग पण बदललं, आधी सीटच्या बोल्टला रंगावरच कसलं होतं, आता पत्रा खरवडून घट्ट केलंय, त्यामुळे रेस दिली की स्पीकरमधून कूऽऽ असा जो सूर यायचा तो पण गेला, हे फुकटात मिळालं. आणि हो, कुणाकडे जुनी इंग्लिश गाडी असेल जिच्यात बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, त्यांनी हे वाचून सरळ वायरी जोडायला घेऊ नका, आजचा स्टिरिओ मायनस बॉडी धरून बनवलेला असतो, तिथे पहिल्याच झटक्यात धूर निघेल. पद्मिनीचं तसं नाही म्हणून आमचं निभावलं.

शेवटी मीटर मिलीअँपवर टाकून बघितलं, ४. महिनाभर गाडी उभी राहिली तरी तीन एएच. जुनी बॅटरी मात्र परत आली नाही, चारपाच वेळा तळाला गेल्यावर प्लेटांवर सल्फेट चढतं आणि सेल्फच्या बॅटऱ्या असल्या उपासाला बनवलेल्याच नसतात. साडेचार हजार गेले ते गेले, पण नवीसुद्धा दोनतीनदा तळाला जाऊन आलीये, बघू किती टिकते.

पुढच्या रविवारी गाडी पहिल्या किल्लीत चालू झाली. वॉचमन थोडा नाराज दिसला. त्याच्या पुढच्या रविवारी मी खाली गेलो, किल्ली फिरवली, आणि खट्ट. मला तर रडूच आलं. वाकून बघितलं तर टॉगल ऑन, लाल दिवा मिणमिण करत जेमतेम जिवंत. वर जाऊन बाबांना विचारलं.

"हो, परवा बसलो होतो मी, नाट्यगीतं लागली होती."

"अहो पण लाल दिवा दिसला नाही का?"

"दिसला की. मला वाटलं डिझाइन आहे."